माशांची टाकी धुतली की चार दिवसांत पाणी पुन्हा दुधाळ: चूक कुठे होते आणि काय करायचं

रविवारी टाकी पूर्ण रिकामी केली. खडी नळाखाली चोळून चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज पाणी नितळ येईपर्यंत पिळला, काच आतून घासली, नवं पाणी भरलं. सोमवारी टाकीसमोरून हलावंसं वाटत नाही. बुधवारी सकाळी दिवा लावावा तर पाण्यात कुणी चमचाभर दूध कालवल्यासारखं. शुक्रवारी दोन मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, शनिवारी त्यातला एक गेलेला. मग रविवारी पुन्हा बादल्या बाहेर.

हे चक्र ज्यांच्या घरात चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या पहिल्या टाकीत मी चार महिने हेच करत होतो आणि दर वेळी वाटायचं, धुताना काहीतरी राहून गेलं असणार. म्हणून पुढच्या रविवारी आणखी जोरात घासायचो. मासे त्या घासण्यानेच मरत होते, हे कळायला फार उशीर झाला. त्या माशांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी पाणी ग्लासात बघा

स्वच्छ काचेचा ग्लास घ्या, टाकीच्या मध्यावरचं पाणी त्यात भरा आणि मागे कोरा पांढरा कागद धरा. दिव्याचा उजेड, मागे चिकटवलेलं निळं पोस्टर, खडीचा रंग यांमुळे टाकीत पाण्याचा खरा रंग कळत नाही. ग्लासात लगेच कळतो.

हिरवी झाक दिसली तर ते पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ आहे आणि त्याचा उपाय वेगळा आहे. टाकीवर ऊन पडत असेल तर ते अडवा, दिवा रोज सहा ते आठ तासांपेक्षा जास्त लावू नका. फारच दाट झालं असेल तर टाकी जाड कापडाने झाकून तीन-चार दिवस पूर्ण अंधारात ठेवा. त्या दिवसांत एअर पंप बंद करू नका, कारण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. कापड काढलं की चौथा हिस्सा पाणी बदला. फिकट चहासारखा रंग असेल तर तो टाकीतल्या लाकडातून उतरतोय, माशांना त्याने काही होत नाही. नवी खडी घातल्याबरोबर राखाडी गढूळपणा आला आणि ग्लास तासभर ठेवल्यावर तळाशी साका बसला, तर ती खडीची धूळ आहे.

उरतं ते पांढरट, धुक्यासारखं पाणी. ग्लास रात्रभर ठेवला तरी तळाशी काही बसत नाही, पाणी तसंच राहतं. हे धुकं म्हणजे पाण्यात मोकळे फिरणारे कोट्यवधी जिवाणू. पुढचं सगळं याच पाण्याबद्दल आहे.

धुतल्यावर टाकीत काय होतं

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनियाने कल्ले भाजतात. स्थिरावलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच असतं, ते रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. दुसऱ्या गटाचं नाव बरीच वर्षं नायट्रोबॅक्टर असं सांगितलं जायचं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांवर झालेल्या अभ्यासात हे काम करणारे जिवाणू नायट्रोस्पायरा गटातले निघाले.

हे जिवाणू राहतात कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. पाण्यात ते अगदी थोडे असतात. ते चिकटून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, खडीच्या दाण्यांवर, काचेवर, पानांवर, लाकडावर. हाताला बुळबुळीत लागणारा जो थर आपण घाण म्हणून घासून काढतो, त्यातच ते असतात. आणि ते फार सावकाश वाढतात. सगळं अनुकूल असलं तरी त्यांची संख्या दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. कुजकं खाऊन जगणारे साधे जिवाणू मात्र तासाभरात दुप्पट होऊ शकतात.

आता पुन्हा तो रविवार आठवा. खडी, स्पंज, काच एकाच दिवशी धुतली, तीही क्लोरीनच्या पाण्याने. जागा रिकामी झाली, माशांचं खाणं-हगणं मात्र तेवढंच राहिलं. सावकाश वाढणारे हजर नाहीत आणि भरभर वाढणाऱ्यांना खाद्य भरपूर, म्हणून बुधवारी धुकं. अमोनिया कुणी खात नाही, म्हणून शुक्रवारी मासे वर. त्यात धुक्यातले जिवाणू ऑक्सिजनही ओढतात. दोन्ही बाजूंनी मासा कोंडीत सापडतो. पांढरं पाणी दिसायला घाबरवणारं असलं तरी मासे मारतो तो न दिसणारा अमोनिया. टाकी आपसूक सावरायच्या आत पुढचा रविवार उजाडतो.

म्हणून पाणी नितळ करणारं औषध ओतून प्रश्न सुटत नाही. त्याने तरंगणारे कण गोळा होऊन खाली बसतात, अमोनिया आहे तिथेच राहतो.

आत्ता, या क्षणी टाकी पांढरी असेल तर

टाकी रिकामी करू नका. एअर पंप आणि फिल्टर दोन्ही चोवीस तास चालू ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे. दोन दिवस दाणे पूर्ण बंद. वाढलेला निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, आणि उपास म्हणजे कमी अमोनिया. पिल्लं असतील तर मात्र अगदी चिमूटभर द्या.

मग टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), चारही मोजणारं, थेंबांचं. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांवर माझा जास्त भरवसा आहे, आणि बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. बहुतेक थेंबांच्या किटमध्ये अमोनिया नसेल तर नळीतलं पाणी लिंबासारखं पिवळं राहतं आणि असेल तर हिरव्याकडे झुकतं. मी पहिल्यांदा तपासलं तेव्हा थेंब घातल्यावर मिनिटभर पिवळंच होतं, मला हायसं वाटलं. पाच मिनिटांनी नळी उचलली तर गडद पोपटी. किटच्या कागदावर लिहिलेला वेळ घड्याळ लावून पाळा, रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर जुळवा. नायट्रेटची बाटली जोरजोरात हलवून मगच थेंब घाला, तिच्यातला घटक तळाशी बसतो आणि आकडा खोटा कमी येतो.

अमोनिया आणि नायट्राइट मिळून लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर असतील तर अर्धं पाणी बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, पुन्हा वर असतील तर पुन्हा बदला. इथे लोक अडतात: पाणी बदलून बिघडलं म्हणता आणि पाणीच बदलायला सांगता? अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात जवळजवळ नसतात, पृष्ठभागांवर असतात. म्हणून नुसतं पाणी बदलल्याने त्यांचं नुकसान होत नाही. खडीला हात लावायचा नाही, स्पंजला हात लावायचा नाही, काच घासायची नाही. फक्त पाणी. एकच अपवाद आहे, वर्ष-दोन वर्षं जुन्या टाकीचा, तो पुढे येईल. टाकी तशी असेल तर अर्धं पाणी बदलण्याआधी तो भाग वाचा.

नायट्राइट जास्त असेल तर आयोडीन नसलेलं साधं मीठ, दहा लिटरला एक ग्रॅम, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एवढ्या मिठाने झाडांना किंवा तळातल्या माशांना त्रास होत नाही.

नव्या पाण्याचं तापमान टाकीतल्या पाण्याच्या जवळपास हवं, दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. क्लोरीन काढायला अँटिक्लोरीन घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं, त्यात एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर साधा क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. तिथे अँटिक्लोरीनला पर्याय नाही.

स्पंज कसा धुवायचा

सगळ्यांत जास्त चूक इथेच होते.

पाणी बदलताना सायफनने (पाणी ओढून काढायच्या नळीने) काढलेलं टाकीचं पाणी अर्धी बादली बाजूला ठेवा. फिल्टर बंद करून स्पंज काढा आणि त्याच पाण्यात बुडवून दोन-तीनदा हलकेच दाबा. तपकिरी ढग बाहेर येईल, बादली चिखलासारखी होईल. तिथेच थांबा. स्पंज अजून मळकट दिसतोय, बोटांना चिकट लागतोय, वास ओल्या मातीसारखा येतोय: असाच तो परत बसवायचा. सुटा गाळ निघाला, पाणी वाहायला वाट झाली, जिवाणू जागेवर राहिले, एवढंच आपल्याला हवं होतं. नळाखाली धरलेला पिवळाधमक स्वच्छ स्पंज फिल्टरच्या दृष्टीने नवा कोराच. वासाचंही लक्षात ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाही, म्हणजे स्पंज वेळेवर दाबला गेलेला नाही.

हे दर आठवड्याला करायची गरज नाही. फिल्टरमधून येणारी धार मंदावली की करायचं, बहुतेक टाक्यांत तीन-चार आठवड्यांनी एकदा. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. स्पंज फाटून बदलायची वेळ आली तर नवा स्पंज जुन्याशेजारी महिनाभर चालू द्या, मग जुना काढा. ज्या दिवशी स्पंज दाबला त्या दिवशी खडी सायफन करू नका, दोन्हींत आठवड्याचं अंतर ठेवा. खडीसुद्धा टाकीत असतानाच सायफनच्या तोंडाने ढवळून तिच्यातला गाळ ओढायचा असतो, एका वेळी अर्ध्या भागाचा. ती बाहेर काढायचं काहीच कारण नाही. साबण, डिटर्जंट टाकीच्या कुठल्याही वस्तूला कधीच नाही.

फिल्टर रात्री बंद करता का?

आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद करणारे बरेच आहेत. स्पंजमधल्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातून ऑक्सिजन मिळतो. पाणी थांबलं की बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि ते मरू लागतात. सकाळी फिल्टर चालू केला की आतलं कुजकं पाणी टाकीत येतं. दर रात्री हे होत असेल तर पाणी कधीच स्थिरावणार नाही, बाकी कितीही नीट केलं तरी. वीज बराच वेळ गेली असेल तर चालू करण्याआधी फिल्टरच्या डब्यातलं पाणी फेका, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग सुरू करा.

उकाड्याच्या दिवसांत हे आणखी महत्त्वाचं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. मासे पहाटे वर येत असतील आणि दुपारी ठीक असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय असं समजा, विशेषतः टाकीत झाडं भरपूर असतील तर, कारण रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. दिवसभर वरच असतील, कल्ले लालभडक दिसत असतील, पर अंगाशी मिटलेले असतील तर आधी अमोनिया तपासा.

दाणे आणि लिटर

दोन मिनिटांत संपेल तेवढंच खाद्य, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आठवड्यातून एक दिवस उपास. घरात तीन माणसं असतील आणि तिघांनाही माशांचा लळा असेल तर मासे तीनदा खातात. खाद्याच्या डब्यावर कागद चिकटवा, ज्याने घातलं त्याने वेळ लिहायची.

टाकी किती लिटरची आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून १००० ने भागा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३२ उंचीपर्यंत पाणी असेल तर ५७.६ लिटर, खडी-दगडांची जागा वजा जाता पन्नासच्या आसपास. दर आठवड्याला पाव भाग बदलायचा म्हणजे साधारण साडेबारा लिटर, एक मोठी बादली. अशा टाकीत पाच-सहा गोल्डफिश असतील तर वर लिहिलेलं सगळं पाळूनही पाणी पुन्हा पुन्हा बिघडेल. गोल्डफिश मोठा होतो, भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो. तेवढ्याच टाकीत लहान टेट्रा किंवा गप्पींचा छोटा थवा सुखाने राहील. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवला असेल तर त्याला दुसरी जागा द्या, त्या भांड्यासाठी माझ्याकडे कुठलाच उपाय नाही.

सगळं नीट चाललं होतं, पाणी बदललं आणि मासे गेले

हा तो अपवाद. टाकी वर्ष-दोन वर्षं जुनी, पाणी नितळ. मध्ये काही महिने पाणी बदलणं राहून गेलं, नुसतं उडालेलं पाणी भरत राहिलात. मग एक दिवस उत्साहाने अर्ध्याहून अधिक पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत निम्मे मासे मेले. दोष नळाच्या पाण्याला दिला जातो.

खरं कारण असं. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातले कार्बोनेट ते शोषून घेतात. या कार्बोनेटचं माप म्हणजे केएच, वर सांगितलेल्या चार मोजमापांहून वेगळं. पाणी बदललंच नाही तर केएच संपत जातं आणि एक दिवस पीएच घसरतो. तो सहाच्या खाली गेला की अमोनिया खाणारे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, जे फारसं बाधत नाही. मासे सुस्त असतात, पण जगतात. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांहून जास्त. सहावरून आठवर गेलं तर विषारी भाग जवळपास शंभरपट होतो. तुम्ही चांगलं, ताजं, पीएच जास्त असलेलं पाणी भरपूर ओतलंत आणि साठलेलं सगळं एका झटक्यात विष झालं.

अशा जुन्या टाकीत पाणी बदलण्याआधी पीएच, केएच आणि अमोनिया मोजा. टाकीचा पीएच नळाच्या पाण्यापेक्षा एकाने किंवा जास्त खाली असेल तर रोज दहावा हिस्साच बदला, दोन आठवडे. दाणे कमी. पीएच वाढवणारं औषध एकदम घालू नका, परिणाम तोच होईल. पुढे केएच चार अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे लिटरमागे सुमारे ७० मिलिग्रॅम. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलणाऱ्यांना सहसा हा प्रसंग येत नाही, नळाच्या पाण्याचंच केएच फार कमी असेल तर गोष्ट वेगळी.

पुन्हा बसवताना

धुऊन धुऊन टाकी शून्यावर आली असेल तर जिवाणूंची वसाहत नव्याने उभी करावी लागते. २५ ते २८ अंशांत याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया वर जातो, तो उतरू लागला की नायट्राइट वर जातं, शेवटी तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा कापडी पिशवीत मूठभर खडी मागून आणा, ओलीच आणा, आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. माझ्या अनुभवात याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. बाटलीतले जिवाणूही मिळतात, ते घातले तरी मोजणं चालूच ठेवा.

टाकीत मासे नसतील तर ते न सोडता रोज चिमूटभर दाणे टाका, ते कुजून अमोनिया देतील. मासे आत असतील तर दिवसाआड मोजा आणि अमोनिया, नायट्राइट वर गेले की पाणी बदला. वहीत तारीख टाकून आकडे लिहा. दहाव्या-बाराव्या दिवशी, सगळं बिघडतच चाललंय असं वाटून टाकी रिकामी करायची जी ऊर्मी येते, तेव्हा वही उघडून बघा. अमोनिया खाली येताना आणि नायट्राइट वर जाताना दिसेल. म्हणजे पहिला गट कामाला लागला आहे.

पांढरं धुकं यादरम्यान कधीतरी, बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत, आपोआप विरतं. काच आतून तपकिरी होऊ लागेल, समोरची तेवढी पुसा, मागची आणि बाजूची तशीच राहू द्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे वीस ते चाळीस मिलिग्रॅमच्या खाली, असे आकडे सलग सात दिवस आले की नवे मासे आणायला हरकत नाही. एकदम दहा आणू नका, दोन आणा. जिवाणूंची संख्या आहे त्या माशांपुरतीच असते, ती वाढायला वेळ द्यावा लागतो. पुढचा आठवडाभर रोज अमोनिया तपासा. नळी पिवळीच राहिली तर आणखी दोन.